कोण कोणाले लोटून राहिलं?

आमची ओळख त्यांनी माझ्या मांडीवर बसून करून घेतली.

तसा त्यांचा बेत नव्हता. मी तेव्हा अकोल्याहून सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरायचो आणि तिथून शहर बसने अमरावतीला जायचो, एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायला. नोकरी नवी होती आणि भाषाही नव्यानेच इस्त्री केलेली होती. घरी 'मले-तुले' बोलणारा मी, बसमध्ये चढलो की 'मला-तुला' व्हायचो. त्या दिवशी बसच्या मधोमध एक उंच, हडकुळे गृहस्थ दोन्ही हात खिशात घालून उभे होते. डोक्यावरची दांडी मोकळी होती, बाजूच्या सीटची कडी मोकळी होती, आणि हे आपले आरतीला उभे असल्यासारखे ताठ. वाटेत एक म्हैस आडवी आली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. हे गृहस्थ जे निघाले ते थेट माझ्या मांडीवर, म्हणजे मांडीवरच्या डब्यावर येऊन बसले.

"लागलं का हो? पडलात चांगले," मी म्हणालो.

"मी नाई पडलो," ते तिथूनच म्हणाले. "मी जाऊन राहिलो होतो, तसाच गेलो. थांबली ते बस."

"बरं. आता उठता का?"

"उठतो. पण गोठ समजली का तुमाले?"

गोष्ट काही मला समजली नव्हती. भाजी सांडली एवढं मात्र समजलं होतं. तासाभराने कॉलेजच्या स्टाफरूममध्ये शिरलो तर शेजारच्या खुर्चीवर तीच पॅन्ट, आणि पॅन्टवर माझ्या वांग्याच्या भाजीचा डाग. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "जडत्व." मला वाटलं आडनाव सांगताहेत. मीही माझं आडनाव सांगितलं.

ते भौतिकशास्त्राचे शिक्षक होते. बसमध्ये कधीच काही न धरता उभं राहायचं, हा त्यांचा नेम. कंडक्टरला तो माहीत होता आणि तो नव्या प्रवाशांना आधीच सावध करायचा. "दांडी धरली का माणसाले वाटते, मीच उभा हाओ," ते म्हणायचे. "उभी दांडी असते. आपण नुसतं लटकून राहतो." हे वाक्य ते बसमध्ये कमी आणि स्टाफरूममध्ये जास्त वेळा म्हणत. म्हणताना त्यांची नजर प्राचार्यांच्या केबिनच्या दाराकडे असायची.

पोरं त्यांना 'कोणकोणाले सर' म्हणत. समोरसुद्धा म्हणत, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. त्याचं कारण असं की त्यांच्या वर्गात 'बल' हा शब्द एकटा उच्चारायची सोय नव्हती. एखादं पोरगं उठून म्हणालं, "सर, बल लागलं," की हे कान पुढे करून विचारायचे, "कोण कोणाले लोटून राहिलं?" बैल गाडीला ओढतो, पृथ्वी आंब्याला ओढते, टेबल पुस्तकाला वर लोटतं. दोन नावं आल्याशिवाय ते खडू खाली ठेवत नसत. टेबल पुस्तकाला लोटतं हे पोरांना पटायचं नाही. टेबल बिचारं मेलेलं लाकूड, ते कशाला लोटेल? मग एका पोराच्या तळहातावर जाडजूड पुस्तकांची थप्पी ठेवली जायची आणि हात थरथरेपर्यंत विचारणा चालायची. "आता सांग. तुहा हात काई करून राहिला का नुसताच हाये?" पोरगं घाम पुसत कबूल करायचं की हात वर लोटतोय. "मंग टेबलाची पण थोडी दया येऊ दे."

मला हे ऐकून मजा वाटली. मी म्हणालो, "सर, तुम्ही व्याकरणच शिकवताय. कर्ता कोण, कर्म कोण."

ते एकदम उठून उभे राहिले. एवढा आनंद मी नंतर त्यांच्या तोंडावर फार क्वचित पाहिला. "तेच तर! पोरं नुसतं क्रियापद घेऊन येतेत. कर्ता घरी इसरतेत."

त्या दिवसापासून आमचं मैत्र जुळलं आणि कॉलेजच्या सूचना-फलकाचे दिवस फिरले. आमच्या संस्थेत कोणीही काहीही करत नसे. सगळं 'करण्यात येत' असे. 'असे निदर्शनास आले आहे', 'निर्णय घेण्यात आला आहे', 'कारवाई करण्यात येईल'. मी वर्गात कर्मणी प्रयोग शिकवताना ही सरकारी वाक्यं सहज उदाहरणादाखल द्यायचो. त्यांनी ती बलाच्या तासाला नेली. 'असे निदर्शनास आले आहे' याखाली लाल शाईने 'कोणाच्या?' असं दिसू लागलं. 'ठरविण्यात आले आहे' याखाली 'कोणी?' दिसू लागलं. प्राचार्यांनी फलकाला काच बसवून घेतली. दुसऱ्या दिवशी काचेवर लाल शाईत लिहिलं होतं, 'ही कोणी बसविली?'

घरीही तीच तऱ्हा. ते बडनेऱ्यात राहत. त्यांचे वडील रेल्वेत होते आणि ह्यांचं बालपण यार्डाच्या कुंपणाला नाक लावून गेलं होतं. इंजिन पहिल्या डब्याला धक्का देतं, तो पुढच्याला, तो त्याच्या पुढच्याला, आणि खडखडाट करत धक्का शेवटच्या डब्यापर्यंत जातो. तो शेवटचा डबा नेमका कधी हलतो हे पाहायला म्हणे ते जेवण टाकून बसायचे. वहिनींचं मत याबाबत वेगळं होतं. मी चहाला गेलो की त्या स्वयंपाकघरातून ऐकू येईल अशा आवाजात सांगायच्या, "यायले सिलिंडर सरकवाले सांगतलं, तर आंधी फरशीवर खडूनं बाण काढतेत! बाण काढू काढू फरशी भरली, सिलिंडर तिथंच हाये."

"बाण नाई काढले तर कमरेले लचक भरते," हे चहाच्या कपाला सांगायचे.

"कमर माह्यी भरली! सरकवलं मीनं!"

"पाहा," ते माझ्याकडे वळून समाधानाने म्हणायचे, "दोन्ही नावं आली. हिनं सिलिंडराले लोटलं."

आता त्यांचा आणि अध्यक्षसाहेबांचा कसा बिघाड झाला ते सांगतो. अध्यक्षसाहेब म्हणजे आमच्या संस्थेचे सर्वेसर्वा. पांढरेशुभ्र कपडे, भारदस्त अंग, आणि गावात त्यांचं भलतंच वजन. कुठलंही काम असो, 'साहेबांचं वजन वापरू' असं म्हटलं की बोलणं संपत असे.

कार्तिकात एकदा कॉलेजच्या बसने सगळा स्टाफ कौंडण्यपूरला निघाला. अध्यक्षसाहेब आणि त्यांचे संचालक पुढच्या सीटांवर, आम्ही मागे. गावाच्या अलीकडे कोणीतरी गव्हाला ओलित सुरू केलं होतं, पाट फुटून पाणी रस्त्यावर आलं होतं. काळी माती भिजली की ती काय करते ते वऱ्हाडच्या माणसाला सांगावं लागत नाही. बसची मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली आणि चिखल खिडक्यांपर्यंत उडाला. खाली उतरायला कोणी राजी नाही. साहेबांच्या पायात कोऱ्या चपला, मग बाकीच्यांनी कसं उतरावं? तेवढ्यात एका संचालकांना युक्ती सुचली. ते उभे राहिले आणि समोरच्या सीटला रेटा देऊ लागले. "लावा जोर! सगळे मिळून!"

आणि खरं सांगतो, सगळ्यांनी लावला. प्राचार्यांनी पुढची सीट लोटली, क्लार्कने प्राचार्यांची सीट लोटली, इतिहासाच्या बाईंनी खिडकीचा गज लोटला. साहेबांनी दोन्ही हात समोरच्या काचेला लावून "हैशा!" म्हटलं की आख्खी बस मागून "हैशा!" म्हणायची. मी स्वतः डोळे मिटून पुढच्या सीटची पाठ लोटत होतो. बस डुलत होती. तेवढ्याने सगळ्यांना हुरूप आला होता.

हे एकटे हात खिशात घालून मध्ये उभे होते. शेवटी म्हणाले, "साहेब, आतून लोटून गाडी हालत नाई."

"काहून नाई? डुलून राहिली ना!" संचालक म्हणाले.

"तुमी हातानं सीटले पुढं लोटता, अन् पायानं फरशीले मागं लोटता. सीट पण गाडीचीच, फरशी पण गाडीचीच. हिशेब इथल्या इथं फिटते. गाडीले बाहेरचं कोणी लागते. खाली उतरा."

साहेबांचे हात अजून काचेवर होते. बाहेर बांधाला वाळक्या पऱ्हाट्यांची गंजी होती, म्हणजे कपाशीच्या काड्यांची. हे पॅन्ट गुडघ्यापर्यंत सरकवून खाली उतरले, कवेत मावतील तेवढ्या काड्या दोन-दोनदा आणून चाकांखाली घातल्या आणि आम्हाला हाका मारू लागले. आम्ही एकेक करून उतरलो. मागून लोटलं, चाकांना काड्यांचा आधार सापडला आणि बस बाहेर निघाली. साहेब तेवढे आत राहिले होते. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ग्रुपवर फोटो आला. चिखलाने माखलेले आम्ही मागे, खिडकीतून हात दाखवणारे साहेब पुढे, आणि खाली ओळ होती, 'मा. अध्यक्षांच्या मार्गदर्शनात बस बाहेर काढण्यात आली'. ह्यांनी त्याखाली एकच शब्द टाकला, 'कोणी?' ग्रुपवरून त्यांना काढण्यात आलं.

पण ते तेवढ्यावर मिटलंही असतं. स्नेहसंमेलनात मात्र कहर झाला. त्या वर्षी गावात संस्थेच्या कारभाराविषयी थोडी कुजबुज होती आणि साहेब भाषणात तापले होते. "या संस्थेवर कोणी बोट उगारलं, तर लक्षात ठेवा," असं म्हणून त्यांनी समोरच्या टेबलावर हात आपटला. "क्रिया केली की प्रतिक्रिया येतेच! हे मी नाही म्हणत. हे विज्ञान म्हणतं!"

टाळ्या पडल्या. टाळ्या थांबायच्या आत शिक्षकांच्या रांगेतून हे उभे राहिले. मी त्यांचा शर्ट खाली ओढला, पण ओढणारा मी एकटाच होतो.

"साहेब, थोडीशी दुरुस्ती हाये."

माईकवरून साहेब म्हणाले, "बसा सर."

"बसतो. 'येते' म्हणजे मांगून येते असं नाई ते. बदला घ्याची गोठ नाई ते. तुमी आत्ता टेबलावर हात हाणला ना? त्याच वक्ताले टेबलानं तुमच्या हातावर हाणलं. तेवढंच. कमी नाई, जास्त नाई, उशिरा नाई."

साहेबांचा उजवा हात त्या वेळी टेबलाखाली होता आणि डाव्या हाताने ते तो चोळत होते. पहिल्या रांगेतल्या मुलींना ते दिसत होतं. एक खुदकन हसली, मग दुसरी, मग सगळा मंडप. हे आपले पोरांकडे वळून आनंदाने म्हणाले, "पाहा, चोळून राहिले!" मला खात्री आहे, त्यांच्या मनात चेष्टा नव्हती. एवढा सुबक पुरावा समोर आलेला पाहून ते हरखून गेले होते, इतकंच. पण साहेब विज्ञानाचे विद्यार्थी नव्हते.

पुढे उन्हाळ्यात बातमी पसरली की पुण्याच्या कुठल्याशा क्लासवाल्या कंपनीशी आमच्या संस्थेची गाठ बांधली गेली आहे. त्यांचीच माणसं येऊन प्रवेश परीक्षेचं शिकवणार. आणि कोणकोणाले सरांची अकरावी काढून घेणार.

बारावी काढली असती तर त्यांना एवढं लागलं नसतं. अकरावीवर त्यांचा जीव होता. दहावीतून आलेलं पोरगं गतीचे नियम तोंडपाठ म्हणतं, झोपेतून उठवलं तरी म्हणतं, आणि त्यातला एकही त्याला खरा वाटत नसतो. ते पाठांतर उतरवायला ह्यांना दिवाळी यायची. अभ्यासक्रम मागे पडायचा, पालक तक्रार करायचे, आणि हे दरवर्षी एका क्षणाची वाट पाहत राहायचे. मी तो एकदाच पाहिला, व्हरांड्यातून जाताना, खिडकीतून. मागच्या बाकावरची एक मुलगी, तिच्या घरचे लोक भाजीच्या मळ्यातले होते, उठून म्हणाली, "म्हंजे सर, मी जमिनीले मांगं लोटते, अन् जमीन मले पुढं लोटते? म्हणून मी चालते?" ते नुसतं हाताने 'चालून पाहा' म्हणाले. ती दोन बाकांच्या मधून हळूहळू चालू लागली, स्वतःच्या पावलांकडे बघत. जन्मभर चाललेली पोरगी पहिल्यांदा चालत असल्यासारखी चालत होती. मला त्या माणसाचा त्या दिवशी हेवा वाटला. मी इतकी वर्षं कविता शिकवली, पण माझ्या वर्गातून कोणी असं चालत गेलं नाही.

म्हणून अकरावी जाणार कळलं तेव्हा मीच जास्त हबकलो. बसमध्ये त्यांना म्हटलं, "सर, तुमचा तो जुना विद्यार्थी आहे ना, मुंबईला मंत्र्यांच्या ऑफिसात? एक फोन करा. त्याचं वजन आहे."

"वजन म्हणजे काय?"

"सर, आत्ता नको."

"सांगा ना. मराठीचे मास्तर ना तुमी."

"वजन म्हणजे वट. वशिला."

"तुमची मराठी बरोबर हाये, बाप्पा. लोकायले समजत नाई एवढी बरोबर हाये." बस राजापेठेला थांबली, हे थोडे पुढे जाऊन परत आले. "वजन आपलं नसतेच. पृथ्वी आपल्याले ओढते, त्याले वजन म्हणतेत. ओढणारा दुसरा. चंद्रावर जा, माणूस तोच, वजन सहावा हिस्सा. आपले साहेबच पाहा. इथं केवढं वजन! अन् मंत्रालयात गेले का व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसतेत, चपराशी विचारत नाई."

"मग?"

"वस्तुमान आपलं असते. बडनेऱ्याले तेवढंच, मुंबईले तेवढंच, चंद्रावर पण तेवढंच. माह्याजवळ तेच हाये."

"त्याने अकरावी वाचत नाही, सर."

ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "त्या पोराचं वजन वापरलं, तर तो मले त्याच्याकडे ओढंल. बलाले दिशा असते, भाऊ. मले तिकडं नाई जायचं. मले अकराव्वीत जायचं हाये."

हे शेवटचं वाक्य त्यांनी पुन्हा एकदा, स्वतःशीच म्हटलं. मी दुसरीकडे बघितलं.

जूनमध्ये त्यांना केबिनमध्ये बोलावलं. समजूत घालायला लागली तर असावा म्हणून मलाही. अध्यक्षसाहेब मोठ्या खुर्चीत, प्राचार्य बाजूच्या लहान खुर्चीत. प्राचार्यांनी आदेश वाचून दाखवला. 'आपणास इयत्ता अकरावीच्या वर्गअध्यापनातून मुक्त करण्यात येत असून प्रयोगशाळेचा कार्यभार सोपविण्यात येत आहे.'

मला कळलं आता काय येणार. ते आलंच. "कोण करून राहिलं?"

"म्हणजे?" प्राचार्य म्हणाले.

"मुक्त करण्यात येऊन राहिलं. बरोबर. कोण करून राहिलं?"

"तसा... निर्णय झाला आहे."

"आपोआप?"

"वरून आलं आहे, सर."

"वरून हे दिशा झाली. नाव नाई झालं." ते साहेबांकडे वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, वर्गात पोराला विचारावं तसा आवाज होता. "साहेब, तुमी करून राहिले का? तुमी हो म्हणा, मी सही करतो अन् जातो. तंटा नाई. फक्त नाव पाहिजे."

साहेबांनी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्यांनी आदेशाकडे पाहिलं. "संस्थेचं धोरण आहे," साहेब अखेर म्हणाले. एवढा मोठा माणूस, ज्याच्या वजनाने अर्धं गाव हलत होतं, त्याला 'मी' हे एक अक्षर उच्चारता आलं नाही. त्या वेळी मला साहेबांची कीव आली, खरंच आली.

"ठीक हाये," हे म्हणाले. "एक सांगतो. धक्का कोणाचा का असेना, जेवढा मले लागला तेवढाच लोटणाऱ्याले लागला असंल. फक्त त्याचं वस्तुमान जास्त, म्हणून तो जागचा हालला नाई अन् मी प्रयोगशाळेत जाऊन राहिलो." त्यांनी सही केली आणि निघून गेले. दारातून बाहेर पडताना मात्र त्यांनी दाराची चौकट धरली. काही न धरणारा तो माणूस. मला ते बघवलं नाही.

प्रयोगशाळा म्हणजे कॉलेजच्या मागच्या अंगाची एक अंधारी खोली. स्प्रिंगा गंजलेल्या, तराजूंवर कोळिष्टकं, आणि कोपऱ्यात चार चाकांच्या दोन लाकडी गाड्या. तिथे म्हणे ते आठवडाभर नुसतेच बसून होते. मग एका सकाळी बसमध्ये चढले ते हसतच.

"मी पण कसा येडा!" ते म्हणाले. "इतके दिवस सांगून राहिलो, आतून लोटून गाडी हालत नाई. अन् यायनं मले बाहेर काढलं तर रडत बसलो!"

"म्हणजे?"

"प्रॅक्टिकल, भाऊ! अकराव्वीच्या प्रत्येक पोराले प्रॅक्टिकल कराच लागते. साहेबायले आठवणच नाई. प्रयोगशाळा कोणी उघडतच नव्हतं ना, मंग त्यायले वाटलं, तिथं कोणी येत नसंल."

आणि पोरं येऊ लागली. पहिल्या मजल्यावर एसीच्या वर्गात पुण्याचे नवे सर कानाला माईक लावून ट्रिका शिकवायचे. बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण, संख्या टाका, उत्तरपत्रिकेतला गोळा रंगवा, पुढे चला. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. आणि मागच्या अंगाला ह्यांनी त्या दोन लाकडी गाड्यांना तेल घातलं होतं. एका गाडीवर जाड पोरगा, दुसरीवर बारीक, आणि म्हणायचं, "एकानंच लोटाचं. पाहू कोण सरकते." लोटायचा जाड्या आणि दोघेही मागे सरकायचे, बारक्या जास्त, जाड्या कमी. सगळी खोली ओरडायची. मग खडू वर करून तो प्रश्न यायचा आणि तो प्रश्न घेऊन पोरं पहिल्या मजल्यावर जायची.

गणपतीच्या सुमारास मला केबिनमध्ये बोलावणं आलं. साहेब, प्राचार्य आणि पुण्याचे नवे सर बसले होते. नवे सर लालबुंद झाले होते.

"मी फळ्यावर बल लिहिलं रे लिहिलं, की सगळा वर्ग एका सुरात काहीतरी ओरडतो," ते म्हणाले. "रोज. मला ती भाषा समजत नाही, पण ती सभ्य वाटत नाही."

प्राचार्य स्वतः दर्यापूरकडचे. घरी दुसरी भाषा बोललेले नाहीत. पण पुण्याच्या माणसासमोर त्यांचीही भाषा माझ्यासारखीच इस्त्री होऊन बसायची. मला म्हणाले, "सर, आपण भाषेचे तज्ज्ञ. 'कोण कोणाले लोटून राहिलं' यात काही... अश्लील तर नाही ना?"

"नाही, सर," मी म्हणालो. "'ला'च्या जागी 'ले' आहे, एवढंच. कोण कोणाला ढकलत आहे, असा अर्थ."

"आणि याचं उत्तर काय द्यायचं असतं?" नव्या सरांनी विचारलं. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"दोन नावं. एक ढकलणाऱ्याचं, एक ज्याला ढकललं त्याचं."

नव्या सरांनी प्राचार्यांकडे पाहिलं, प्राचार्यांनी साहेबांकडे. बडनेऱ्याच्या यार्डात धक्का डब्याडब्यातून जातो तसा तो प्रश्न त्या खुर्च्यांमधून गेला आणि मोठ्या खुर्चीपाशी येऊन थांबला. साहेबांनी घसा साफ केला.

"असे प्रश्न विचारण्यास मनाई करण्यात यावी," ते म्हणाले.

"कोणं करावी?" मी म्हणालो.

ते वाक्य माझ्याच तोंडून आलं हे मला जरा उशिरा कळलं. इस्त्री पार उतरली होती. साहेब माझ्याकडे बघत राहिले. मी नमस्कार करून बाहेर आलो. ती मनाई पुढे कोणी केलीच नाही, कारण कागदावर सही कोणाची, इथे ते घोडं अडून बसलं.

आता ते निवृत्त होऊन परतवाड्याला लेकीकडे राहतात आणि मी अकोल्यातल्या एका कॉलेजात आहे. भेटी कमी झाल्या. पण केबिनमधून बाहेर पडलो त्या संध्याकाळची बस मला स्वच्छ आठवते. हे नेहमीसारखे मधोमध उभे, हात खिशात. मी शेजारी दांडीला लटकून सगळी हकीकत सांगितली. ते डोळे मिटून ऐकत होते.

"तुमी इचारलं? साहेबायले?"

"निघून गेलं तोंडून."

"मंग? हालले का?"

मी आठवून पाहिलं. "खुर्ची करकरली जराशी."

"बस!" त्यांचा चेहरा असा फुलला की मला त्या मळ्यातल्या मुलीची आठवण झाली. "वस्तुमान जास्त हाये, वेळ लागंल. पण करकरली ना?"

एवढं बोलून ते बाजूला सरकले आणि मधली जागा माझ्यासाठी मोकळी केली. मी दांडी सोडली आणि हात खिशात घातले. पुढच्याच चौकात एक ऑटो आडवा घुसला, ब्रेक लागला, आणि आम्ही दोघं मिळून एका हवालदाराच्या मांडीवर जाऊन बसलो.

"काय राजेहो, पडले ना!" हवालदार कळवळला.

"आमी नाई पडलो," मी म्हणालो. "थांबली ते बस."